बिऱ्हाड आपले, गाडी परराज्याची

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि बदल्यांचे आदेश निघाले की एप्रिल-मे महिन्यांत बिऱ्हाडे हलू लागतात. पुण्याहून बंगळुरूला, नाशिकहून हैदराबादला, नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या कुटुंबांचा शिरस्ता आता ठरून गेला आहे. कपाटे, फ्रिज, वॉशिंग मशीन पॅकर्स-मूव्हर्सच्या ट्रकमध्ये चढते आणि जे ट्रकवाल्याच्या हवाली करायला मन धजावत नाही, ते घरच्या गाडीत बसते: देव्हाऱ्यातले देव, दागिने, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, लोणच्याच्या बरण्या आणि मागच्या सीटच्या पायथ्याशी तुळशीची कुंडी. पुणे ते बंगळुरू हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकुरू करत तिथे पोचतो. कागल मागे पडले की पाट्या कानडी होतात, पेट्रोलचा दर बदलतो. बाकी रस्ता तोच, गाडी तीच आणि देशही तोच. मात्र या हद्दीपासून त्या गाडीच्या मागे बारा महिन्यांची एक मुदत लागते. ती संपायच्या आत मालकाने गाडीची नव्याने नोंदणी करायची आणि पंधरा वर्षांसाठी एकदा भरून झालेला रस्ताकर दुसऱ्या राज्याच्या तिजोरीत पुन्हा भरायचा. ही पद्धत बदलायला हवी. वाहनकर गाडीच्या आयुष्याला न जोडता मालकाच्या वास्तव्याच्या काळाला जोडावा आणि दोन राज्यांमधला हिशेब दोन राज्यांनीच मिटवावा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ४६ म्हणते की, कोणत्याही एका राज्यात झालेली नोंदणी देशभर ग्राह्य आहे. लगेच पुढचे कलम ४७ सांगते की, गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागेल. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, म्हणजे रोजच्या भाषेतली एनओसी. फॉर्म २८ भरायचा, त्यावर चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा द्यायचा, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे संमतिपत्र आणायचे, गाडी कोणत्या गुन्ह्यात अडकलेली नाही याचा दाखला जोडायचा, थकलेली ई-चलने भरायची. तीस दिवसांत आरटीओने काहीच कळवले नाही तर एनओसी मिळाली असे समजावे, अशी तरतूद कलम ४८मध्ये आहे. पण ‘मिळाली असे समजलेला’ कागद दुसऱ्या राज्याच्या खिडकीवर कसा दाखवायचा, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही. पुढे नव्या शहरात फॉर्म २७, गाडीची तपासणी, नवा कर, नव्या नंबरप्लेट. क्रमांक बदलला की विमा पॉलिसी आणि फास्टॅगही बदलून घ्यायचे. आणि एवढे सगळे झाल्यावर, नव्या नोंदणीचा पुरावा घेऊन जुन्या आरटीओकडे उरलेल्या वर्षांचा कर परत मागायचा. म्हणजे सोडून आलेल्या शहरात पुन्हा हेलपाटे घालायचे किंवा एजंटाला पैसे मोजायचे. अनेक जण हे शेवटचे काम सोडूनच देतात आणि ती रक्कम राज्याकडेच राहते.

पैशांचा हिशेब मांडला की प्रश्न अधिक स्पष्ट होतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला गेली काही वर्षे ११ टक्के दराने एकरकमी कर लागत आला आहे. नऊ लाखांची मोटार घेणाऱ्याने पंधरा वर्षांचे म्हणून ९९ हजार रुपये पहिल्याच दिवशी भरले. पाच वर्षांनी त्याची बदली बंगळुरूला झाली. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या मोटारीचा दर १४ टक्के, त्यावर अधिभार वेगळा. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते. ती सूट अगदी वर्षांच्या सरळ प्रमाणात धरली तरी उरलेल्या दहा वर्षांचे ८४ हजार होतात. त्याच न्यायाने महाराष्ट्राकडून परत यायला हवेत ६६ हजार. प्रत्यक्षातले तक्ते इतक्या सरळ प्रमाणाने चालत नाहीत, पण उदाहरणापुरते हे आकडे पुरेत. फरक दिसतो अठरा हजारांचा आणि तो दोन राज्यांच्या दरांतला आहे, म्हणून समजण्याजोगाही आहे. खरी अडचण क्रमाची आहे. ८४ हजार आधी भरावे लागतात. ६६ हजार नंतर, मिळाले तर मिळतात. घराची अनामत, शाळेची फी, ट्रकचे भाडे एकाच महिन्यात अंगावर आलेल्या कुटुंबाला एकाच दहा वर्षांच्या काळासाठी दोन राज्यांकडे पैसे अडकवून बसावे लागते. त्यातच दोन-तीन वर्षांनी चेन्नईला किंवा परत पुण्याला बदली झाली की हेच चक्र पहिल्यापासून सुरू होते.

या कराचे समर्थन नेहमी एका वाक्यात केले जाते: गाडी आमच्या रस्त्यावर धावते, तर आमच्या रस्त्याचा खर्च द्या. तत्त्व म्हणून ते रास्त आहे. पण सध्याची रचना त्या तत्त्वाला धरून नाही. गोंदियाचे कुटुंब जवळपास हजार किलोमीटर गाडी चालवत मुंबईला राहायला आले तर फक्त पत्ता बदलल्याची नोंद करायची असते. कर नाही, नवा क्रमांक नाही. कोल्हापूरचे कुटुंब जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेळगावला गेले किंवा सावंतवाडीचे कुटुंब पन्नासेक किलोमीटरवरच्या म्हापशाला गेले, तर सगळे प्रकरण नव्याने. अंतर, रस्त्याची झीज, गाडीचे वजन यांपैकी कशाचाही इथे संबंध नाही. संबंध आहे तो फक्त हद्दीचा. शिवाय रस्त्याचा वापर इतर मार्गांनी वसूल होतोच. एमएच क्रमांकाची गाडी बंगळुरूत भरते त्या प्रत्येक लिटर पेट्रोलवर कर्नाटकाचा विक्रीकर आहे आणि टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापताना कोणी क्रमांकाची पहिली दोन अक्षरे पाहत नाही. जेवढी गाडी चालेल तेवढे पैसे घेणारी व्यवस्था आधीच उभी आहे. तिच्या जोडीला वास्तव्यावर आधारलेला वार्षिक कर असावा, हेही मान्य. पण जो माणूस दोन वर्षांसाठी आला आहे, त्याच्याकडून गाडीच्या उरलेल्या साऱ्या आयुष्याचे पैसे घेण्याला रस्त्याचा खर्च म्हणता येत नाही.

राज्यांना असा कर लावण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न मात्र जवळपास निकालात निघालेला आहे. वाहनांवरील कर हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला ५७ क्रमांकाचा विषय. अनुच्छेद ३०१मधल्या मुक्त दळणवळणाच्या हमीला असे कर बाधा आणतात का, यावर सर्वोच्च न्यायालयात दीर्घ वाद झाला. १९६२च्या राजस्थानच्या ऑटोमोबाइल ट्रान्सपोर्ट खटल्यात न्यायालयाने वाहनकर हा रस्त्यांच्या सोयीचा मोबदला आहे म्हणून वैध ठरवला. २०१६मध्ये जिंदाल स्टेनलेस प्रकरणात नऊ सदस्यांच्या घटनापीठाने मोबदल्याची ती कसोटीच मोडीत काढली आणि परराज्यातल्या मालाशी भेदभाव होत नसेल तर राज्यांना करांची मोकळीक आहे, असा कौल दिला. त्यामुळे ‘हा कर घटनाबाह्य आहे’ असे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. राज्यांनी मर्यादा ओलांडली तर न्यायालये अडवतात, हेही तितकेच खरे. परराज्यातली गाडी तीस दिवसांहून अधिक राहिली की आजीवन कर, अशी दुरुस्ती कर्नाटकाने २०१४मध्ये केली होती. ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६मध्ये रद्द ठरवली. पण न्यायालये टोके छाटू शकतात, धोरण घडवू शकत नाहीत. ती जबाबदारी घटनेने दुसरीकडे सोपवली आहे. राज्यसूचीतली ती नोंद समवर्ती सूचीतल्या ३५व्या नोंदीच्या अधीन आहे आणि त्या नोंदीत वाहनांवरील कर कोणत्या तत्त्वांवर आकारावेत, हा विषय स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. कर राज्यांचा, पण त्याची तत्त्वे संसदेला घालून देता येतील, अशी ही योजना. गाडीवरचा कर वास्तव्याच्या काळापुरताच घ्यावा, हे असेच एक तत्त्व आहे. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही.

या व्यवस्थेचा परिणाम काय होतो ते कोणत्याही मोठ्या शहराच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसते. काही जण निघतानाच गाडी मिळेल त्या भावाला विकतात आणि नव्या शहरात नवी घेऊन पुन्हा पूर्ण कर भरतात. काही जण गाडी गावी भावाच्या अंगणात ठेवून देतात. बाकीचे बरेच जण काहीच करत नाहीत. बारा महिने केव्हा उलटले याचा पुरावा सहसा कोणाकडेच नसतो. म्हणून मालक टोलच्या पावत्या, सर्व्हिसिंगची बिले जपून ठेवतो आणि चौकात अडवल्यावर ‘गेल्याच महिन्यात आलोय’ असे सांगतो. पोलिसाला ते खोटे पाडता येत नाही, मालकाला खरे ठरवता येत नाही, आणि जिथे दोघांनाही काही सिद्ध करता येत नाही तिथे तडजोड होते. एरवी प्रत्येक कर वेळेवर भरणाऱ्या नोकरदाराला हा कायदा कागदोपत्री चुकार बनवतो. राज्यांच्या हद्दी माणसांना किती अडवतात, यावर जागतिक बँकेच्या संशोधकांनी २००१च्या जनगणनेच्या आधारे अभ्यास केला आहे. शेजारचे दोन जिल्हे एकाच राज्यात असतील तर त्यांच्यातले स्थलांतर, ते दोन वेगवेगळ्या राज्यांत असताना होणाऱ्या स्थलांतराच्या किमान दीडपट असते, असे त्यांना आढळले. त्यांनी दाखवलेली कारणे शिधापत्रिका, शिक्षणातले राखीव कोटे, सरकारी नोकरीतल्या अटी अशी आहेत. वाहनकराला कोणी मुख्य कारण म्हणणार नाही. पण हद्द आडवी येते ती अशाच अनेक लहान अडथळ्यांच्या बेरजेने, आणि त्यातला एक दूर करणे आपल्या हातात आहे. २०११च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी स्थलांतरितांपैकी दुसऱ्या राज्यातून आलेले जेमतेम साडेपाच कोटी होते. दक्षिणेचे कारखाने आणि पश्चिमेची बंदरे देशभरातून माणसे बोलावत असताना हे प्रमाण वाढायला हवे, असे सगळेच म्हणतात.

केंद्र सरकारला हा प्रश्न कळला नव्हता असे नाही. २०१८मध्ये राज्यांच्या परिवहन मंत्र्यांच्या गटाने देशभर समान दरांची शिफारस केली होती: दहा लाखांपर्यंत ८ टक्के, दहा ते वीस लाखांना १० टक्के, त्यावर १२ टक्के, डिझेलला दोन टक्के अधिक, विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. राज्यांनी ती उचलून धरली नाही. मग सप्टेंबर २०२१पासून केंद्राने भारत मालिका, म्हणजे बीएच क्रमांक, आणला आणि त्याला हेच दर लावले. बीएच गाडीचा कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरायचा असतो. राज्य बदलले की क्रमांक बदलावा लागत नाही. या लेखात ज्या तत्त्वाचा आग्रह आहे ते तत्त्व तिथे जवळजवळ जसेच्या तसे अमलात आले आहे. पण ते कोणासाठी? संरक्षण दले, केंद्र-राज्य सरकारे, सार्वजनिक उपक्रम यांचे कर्मचारी आणि ज्यांच्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत असे खासगी नोकरदार. म्हणजे पुण्यातल्या बहुराष्ट्रीय कंपनीतला व्यवस्थापक यात बसतो. चाकणच्या लहान कारखान्यातला टूलरूमचा कारागीर होसूरच्या कारखान्यात लागला तर तो बसत नाही. स्वतंत्र व्यवसाय करणारा वास्तुविशारद, हैदराबादच्या रुग्णालयात रुजू होणारी परिचारिका, निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला जाणारे आजी-आजोबा, पीएचडीसाठी निघालेली विद्यार्थिनी, सारे बाहेर. खासगी नोकरदारांना हा क्रमांक देताना काही राज्यांनी टाळाटाळ केली, ती वेगळीच. माणूस हलतो म्हणून सवलत असेल तर हलणाऱ्या प्रत्येकाला ती हवी. त्याच्या मालकाची कार्यालये किती राज्यांत आहेत, हे त्यासाठी विचारायचे कारण नाही.

याहून बोलका विरोधाभास त्याच प्रवासात डोळ्यांपुढे असतो. कुटुंबाची कपाटे घेऊन पुढे निघालेला ट्रक राष्ट्रीय परवान्यावर चालतो. पूर्वी अशा ट्रकला प्रत्येक राज्याचे पैसे वेगळे भरावे लागत. मे २०१०पासून वर्षाला एकच एकत्रित शुल्क, सुरुवातीला १५ हजार आणि नंतर साडेसोळा हजार रुपये, भरून ट्रकला देशभर फिरता येते आणि ती रक्कम ठरलेल्या सूत्राने राज्यांमध्ये वाटली जाते. एप्रिल २०२१पासून पर्यटक बस आणि टॅक्सींसाठीही असाच अखिल भारतीय परवाना आहे: शुल्क एकदा ऑनलाइन भरायचे, वाटणी सरकारांनी करायची. जुलै २०१७मध्ये जीएसटी आल्यावर मालाच्या करासाठी उभे असलेले तपासणी नाके बहुतेक राज्यांनी काही दिवसांतच उठवले. जुलै २०१५पासून मोबाइल क्रमांक राज्य बदलले तरी तोच ठेवता येतो. जून २०२२पर्यंत ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत सगळी राज्ये आली. चालकाचा परवाना तर पहिल्यापासून देशभर चालतो. राहते राज्य बदलले म्हणून कोणी नवी चाचणी द्यायला लावत नाही. माल, प्रवासी, फोन, धान्य आणि खुद्द चालक यांना हद्द ओलांडायची सोय झाली. राहिली ती फक्त घरची गाडी. आणि ज्या यंत्रणेच्या जोरावर हे सगळे झाले तीही तयार आहे. देशातली बहुतेक सगळी आरटीओ कार्यालये ‘वाहन’ प्रणालीवर आहेत आणि २०१९च्या दुरुस्तीने वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीला कायद्याचे अधिष्ठानही दिले आहे. जी माहिती दोन्ही कार्यालयांच्या पडद्यावर दिसते तीच कागदावर छापून, शिक्के मारून, नागरिकाच्या हाती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धाडायची, याचे समर्थन आता करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप राज्यांच्या अर्थमंत्र्यांचा असेल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जीएसटीनंतर राज्यांच्या स्वतःच्या हातात मोजके कर उरले: मुद्रांक शुल्क, मद्यावरचा अबकारी कर, पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकर, वीज शुल्क आणि वाहनकर. त्यातला एक केंद्राने समान करून टाकावा, ही मागणी राज्यांच्या स्वायत्ततेवर आणखी एक घाव वाटू शकते. म्हणूनच इथे समान दरांचा आग्रह नाही. कर्नाटकाला १४ टक्के घ्यायचे असतील तर घेऊ द्या, गोव्याला कमी घ्यायचे असतील तर तेही त्याच्या अधिकारात आहे. मागणी एवढीच की, ज्याचा दर त्याने लावावा, पण आपल्या राज्यात गाडी जेवढी वर्षे राहील तेवढ्याच वर्षांपुरता. यात कोणत्याही राज्याच्या हक्काचा रुपया बुडत नाही. जाणाऱ्या गाडीवरचे जे पैसे राज्याने पुढच्या वर्षांसाठी आगाऊ घेऊन ठेवले आहेत, तेवढेच परत जातात. नव्या गाडीवर पहिल्या दिवशी मिळणारी ठोक रक्कम वार्षिक हप्त्यांत विखुरली तर संक्रमणाच्या काळात तिजोरीला ओढ बसेल, हे खरे. त्यावर उपाय म्हणून एकरकमी भरणा सध्यासारखाच राहू द्यावा. मात्र गाडी दुसऱ्या राज्यात गेली की उरलेल्या वर्षांची रक्कम थेट त्या राज्याकडे वळती करावी आणि दोन दरांतला फरक तेवढा मालकाने भरावा किंवा परत घ्यावा. वरच्या उदाहरणातल्या मोटारमालकाला मग बंगळुरूत ८४ हजार मोजावे लागणार नाहीत. अठरा हजारांत काम भागेल. राज्यांमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वजाबाकी वर्षअखेरीस होऊ शकते. राष्ट्रीय परवान्याची वाटणी दहा-पंधरा वर्षे चालू आहे. हे काम त्याहून अवघड नाही.

दुसरा आक्षेप करचुकवेगिरीचा. सवलत दिली की लोक स्वस्त राज्यात नोंदणी करून महाग राज्यात गाडी चालवतील. ही भीती काल्पनिक नाही. पुदुच्चेरीत कमी कर भरून केरळच्या रस्त्यांवर धावणाऱ्या महागड्या मोटारींचे प्रकरण २०१७मध्ये चांगलेच गाजले होते आणि परराज्यातल्या क्रमांकाच्या आलिशान गाड्यांवर महाराष्ट्र आणि कर्नाटकातही कारवाया झाल्या आहेत. पण ही चोरी कोणत्या व्यवस्थेत झाली, ते पाहा. आजच्याच. पंधरा वर्षांचा कर एकदाच भरायचा असेल तर तो कुठे भरायचा या एका निर्णयावर कोटीभर रुपयांच्या गाडीमागे लाखो रुपये वाचतात. मोह त्या ठोक रकमेत आहे. कर दरवर्षीचा आणि चालू पत्त्याचा असेल तर खोट्या पत्त्याचा फायदा वर्षापुरता उरतो आणि तो दरवर्षी नव्याने पकडला जाऊ शकतो. गाडी प्रत्यक्षात कुठे राहते, हे विमा, प्रदूषण तपासणी आणि चलने यांच्या नोंदींतून पुरेसे कळते. अर्थात या नोंदी जोडताना माणसाच्या हालचालींवर पाळत ठेवली जाऊ नये, याची कायद्यातच हमी हवी. रोजच्या टोलच्या पावत्या चाळायची गरज नाही, वर्षाकाठी पत्ता तपासणे पुरेसे आहे. सध्या मात्र ज्याला चोरी करायची तो सुखात आहे आणि जो प्रामाणिकपणे हद्द ओलांडून राहायला आला तो खिडक्यांवर उभा आहे.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे: मोटार बाळगणाऱ्यांच्या तक्रारीसाठी एवढा खटाटोप कशाला? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या साडेसात टक्के कुटुंबांकडेच मोटार होती, हे या आक्षेपाचे बळ. पण त्याच सर्वेक्षणात दुचाकी असलेली कुटुंबे जवळपास निम्मी होती आणि कायदा दुचाकीलाही हाच आहे. हद्द ओलांडून कामाला जाणारा तरुण मोटारसायकल बहुधा रेल्वेच्या पार्सलने पाठवतो: टाकी रिकामी करायची, गोणपाटाने अंग गुंडाळायचे, हँडलला पुठ्ठा बांधायचा, आरसीची झेरॉक्स द्यायची. नव्या शहरात तिच्यावरच तो कुरिअरची पाकिटे किंवा जेवणाचे डबे पोचवतो. त्याच्या दुचाकीवरचा कर मोटारीच्या मानाने थोडा असेल. पण एनओसीसाठी बुडणारे रोजंदारीचे दिवस, गावाकडच्या आरटीओपर्यंतचे तिकीट आणि एजंटाचे पैसे हे ओझे त्याच्या मिळकतीच्या मानाने मोटारवाल्याच्या ओझ्याहून जड आहे. म्हणून तो काहीच करत नाही आणि प्रत्येक नाकाबंदीत परराज्याच्या क्रमांकामुळे पहिला बाजूला घेतला जातो. वार्षिक, ऑनलाइन, पत्त्याबरोबर सरकणाऱ्या कराचा खरा लाभार्थी तोच आहे.

बारा महिन्यांची सवलत पुरेशी आहे, एवढी कुरकुर कशाला, असेही कोणी म्हणेल. दाखला म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवले जाते, कारण तिथली मुदत कितीतरी कडक आहे. कॅलिफोर्नियात राहायला आलेल्याने वीस दिवसांत गाडीची नोंदणी करायची असते, टेक्सासमध्ये तीस दिवसांत. दाखला योग्य आहे; तो पूर्ण वाचायला हवा. तिथल्या नोंदणीचे शुल्क साधारण वर्षाचे असते, त्यामुळे जुन्या राज्यात पंधरा वर्षांचे पैसे अडकून पडत नाहीत. आणि दुसऱ्या राज्यात नोंदवलेली गाडी घेऊन आलेल्या नव्या रहिवाशाकडून टेक्सास विक्रीकराऐवजी ९० डॉलरची ठरावीक रक्कम घेते. मुदत लहान ठेवता येते, कारण ती पाळणे सोपे आणि स्वस्त आहे. आपल्याकडे मुदत मोठी आहे आणि ती पाळणे महाग आहे. म्हणून ती पाळली जात नाही. कर सुटसुटीत केला तर बारा महिन्यांची मुदत तीन महिन्यांवर आणायलाही कोणाची हरकत असणार नाही, आणि आज बुडणारा कित्येक गाड्यांचा कर नव्या राज्याला आपसूक मिळू लागेल.

संसदेने तत्त्वे घालून देईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्राचा वाहनकर महाराष्ट्राच्या कायद्याने चालतो आणि तीन सुधारणा विधिमंडळाला येत्या अधिवेशनातही करता येतील. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदली गेल्याचे ‘वाहन’ प्रणालीत दिसताच उरलेल्या वर्षांचा कर अर्जाविना मालकाच्या खात्यात जमा व्हावा आणि त्याला ठरावीक दिवसांची मुदत असावी. बाहेरून आलेल्या गाडीच्या मालकाला उरलेल्या आयुष्याचा कर एकदम भरण्याऐवजी एक किंवा दोन वर्षांचा हप्ता निवडता यावा. तो कोणत्या कंपनीत आहे हे विचारू नये. आणि नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला एकरकमी की हप्त्याने, हा पर्याय पहिल्याच दिवशी मिळावा. पुणे, मुंबई, नाशिक, संभाजीनगरचे कारखाने आणि कार्यालये परराज्यांतून येणाऱ्या माणसांवर चालतात; त्यांना हप्त्याची सोय देणे हे आपल्याच हिताचे आहे. महाराष्ट्राने हे केले तर कर्नाटक, गुजरात, तेलंगण यांच्याशी परस्पर वळतीचे करार करण्यासाठी त्याच्याकडे देण्यासारखे काहीतरी असेल. आज तो फक्त मागू शकतो. देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क अनुच्छेद १९ने दिला आहे. तो बजावणाऱ्याकडून राज्याने आपला कर जरूर घ्यावा. पण तो जितके दिवस तिथे राहिला तितक्या दिवसांचा घ्यावा, आणि न राहिलेल्या दिवसांचा परत करावा.